मदत हवी आहे: डोमेनचा नवा पत्ता सगळीकडे पोचला का, हे स्क्रिप्टने कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाइट मी सांभाळतो. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे रोजचे भाव तिथे टाकतो. औसा, निलंगा, उदगीरकडचे सभासद मोबाइलवर ते बघून माल मोंढ्यात कधी न्यायचा ते ठरवतात. काल साइट नव्या सर्व्हरवर नेली, ए रेकॉर्ड (डोमेनच्या नावाला सर्व्हरचा आयपी पत्ता जोडणारी नोंद) बदललं. लातुरात नवी साइट दिसते, निलंग्याकडच्या काहींना अजून जुनीच, म्हणजे भावही जुनेच. क्विंटलमागे शे-दोनशेचा फरक शेतकऱ्याला थोडा नसतो, म्हणून घाईने विचारतोय.

उबंटूवर बॅशमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. ८.८.८.८, १.१.१.१, ९.९.९.९ आणि २०८.६७.२२२.२२२ या चार रिझॉल्व्हरना (नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर) फॉर लूपमधून डिग प्लस-शॉर्टने (पत्ता विचारायची कमांड, उत्तर थोडक्यात) विचारते. उत्तर नव्या आयपीशी जुळलं तर ‘झालं’, नाहीतर ‘बाकी’ छापते, मग स्लीप ६० आणि पुन्हा तेच. जुना टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं तो आकडा, ८६४०० (एक दिवस) होता.

८.८.८.८ आधी नवा पत्ता देतो, मिनिटाभराने जुना, परत नवा. असं कसं? शिवाय इथे लाइट गेली की राउटर बंद पडतो, तेव्हाही स्क्रिप्ट ‘बाकी’च म्हणते. आणि मुख्य म्हणजे सभासदांच्या मोबाइल कंपनीचा रिझॉल्व्हर मला माझ्या ब्रॉडबँडवरून विचारताच येत नाही. तो कसा तपासू?

प्रतिसाद:

दादा, ८.८.८.८ म्हणजे एक मशीन नव्हे. त्या एका पत्त्यामागे पुष्कळ सर्व्हर आहेत आणि सगळ्यांची कॅश (साठवलेली उत्तरं) एक नसते. ज्याच्याकडे जुनं उत्तर शिल्लक आहे तो जुनंच देणार. प्लस-शॉर्ट काढून प्लस-नोऑल प्लस-आन्सर लावा. नावापुढच्या आकड्यात टीटीएलचे उरलेले सेकंद दिसतील, म्हणजे जुना पत्ता तिथे अजून किती वेळ राहील ते कळेल.

नेट गेल्यावर डिगचा एक्झिट कोड (कमांड संपल्यावर डॉलर-प्रश्नचिन्हात मिळणारा आकडा) ९ येतो. डॉलर-प्रश्नचिन्ह तपासून तिथे ‘बाकी’ऐवजी ‘संपर्क नाही’ छापा. डोमेनच सापडलं नाही तर मात्र कोड ० असतो, त्यासाठी प्लस-कॉमेंट्सही जोडून स्टेटसची ओळ वाचावी लागेल.

लूप सुरू होण्याआधी डोमेनच्या मूळ नेमसर्व्हरलाच (जिथे रेकॉर्ड ठेवलेलं असतं तो सर्व्हर) एकदा विचारा. तोच जुना पत्ता देत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, रेकॉर्ड परत तपासा.

मोबाइल कंपनीसाठी त्याच कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट घ्या आणि ॲट (म्हणजे रिझॉल्व्हरचा पत्ता) न लावता डिग चालवा.

पण भावाचं काम आजच करा. जुना सर्व्हर बंद करू नका, त्यावर नव्या सर्व्हरकडे जाणारी रिव्हर्स प्रॉक्सी (आलेली मागणी पुढे पाठवणारी सोय) लावा. मग कुणाला जुना पत्ता मिळाला तरी भाव आजचेच दिसतील. पुढच्या वेळी साइट हलवायच्या एक दिवस आधीच टीटीएल ३०० करून ठेवा.