ओसाकाहून एका दिवसात फुशिमी इनारी आणि प्राणी, सासूबाईंचे गुडघे सांभाळून जमेल का?

सातारची_सूनबाई
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे सध्या मुक्काम ओसाकात आहे आणि दिवाळी उरकली की सासू-सासरे येतायत, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. एक अख्खा दिवस असा हवाय की ज्यात त्या लाल कमानींचं मंदिर पण होईल आणि लेकीला प्राणी पण बघायला मिळतील. लेक पाच वर्षांची आहे, तिला प्राणीसंग्रहालय नकोय, "हात लावता येणारे प्राणी" हवेत, आता काय बोलणार.

माझ्या डोक्यात असं होतं की सकाळी फुशिमी इनारी करायचं आणि दुपारी अराशियामाचा तो माकडांचा पार्क. पण घोळ असा आहे की बाबा अजून रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येतात आणि आईंना दोन जिने चढले की बसायला लागतं. वर आई साडीच नेसतात, पंजाबी ड्रेसचं नाव काढलं तरी "मला नको ते" होतं. आणि शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही. नवरा म्हणतो नारा करू, हरणं आहेत. पण मग क्योतोचं मंदिर सुटेल ना? आणि लाल कमानींसमोर फोटो काढायचाच असं आई साताऱ्यातल्या अख्ख्या भिशी ग्रुपला सांगून बसल्यात. कोणी केलंय का असं वयस्कर लोकांना घेऊन? कसं कसं जायचं ते पण सांगा प्लीज.

योदोगावाकाठी
ताई, तुमचा नवरा बरोबर आहे आणि तुम्ही पण बरोबर आहात, दोन्ही एका दिवसात होतं, फक्त माकडं काढून टाका. त्या इवातायामा पार्कला लिफ्ट नाही, गाडी नाही, काही नाही. तिकीट काढलं की लगेच पायऱ्या आणि मग वळणावळणाची चढण, धडधाकट माणसाला वीसेक मिनिटं, आईंना कितीही लागू शकतील, आणि वर गेल्याशिवाय माकडं दिसत नाहीत म्हणजे अर्ध्यातनं परत फिरलात तर हातात काहीच नाही. बाबागाडी पण चालत नाही.

त्यापेक्षा असा त्रिकोण करा. ओसाकात योदोयाबाशी किंवा क्योबाशीहून केइहान या खासगी रेल्वेची लाइन पकडायची. लिमिटेड एक्स्प्रेस फुशिमी इनारीला थांबत नाही, ताम्बाबाशीला उतरून मागून येणारी साधी गाडी घ्यायची. मंदिर झालं की परत केइहानला जाऊ नका, मंदिराच्या तोंडासमोरच जेआरचं (जपान रेल्वेचं) इनारी स्टेशन आहे, अक्षरशः रस्ता ओलांडला की स्टेशन. ही जेआरची नारा लाइन आहे!! हे खूप लोकांच्या लक्षातच येत नाही, ते उलटे क्योतो स्टेशनला जातात आणि तिथून नाराची गाडी पकडतात. इनारीला फक्त लोकल थांबते, ती पकडून उजीला उतरायचं आणि तिथे मियाकोजी रॅपिड ही जलद गाडी घ्यायची, नाहीतर नुसतं लोकलमध्ये बसून राहायचं, तासाभराहून थोडं जास्त लागतं पण बसायला मिळालं तर आईंची तेवढीच विश्रांती. येताना किंतेत्सु (ही पण खासगी रेल्वे) नारा स्टेशनवरून थेट ओसाका नाम्बा, चाळीसेक मिनिटं. एकाच वाटेने परत यायचा प्रश्नच नाही. लेक सहा वर्षांच्या आतली आहे ना, मग तिला तिकीट नाही. बाकीच्यांची इकोका कार्डं (आधी पैसे भरून ठेवायची प्रवासाची कार्डं) काढून ठेवा, दर स्टेशनला मशीनसमोर उभं राहायची कटकट नको.

आता इनारीचं. ते डोंगरभर पसरलंय, डोंगर २३३ मीटरचा, आणि पूर्ण फेरी करायची तर दोन-तीन तास. पण तुम्हाला पूर्ण करायचीच नाहीये. मोठं प्रवेशद्वार (ते १५८९ साली तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने दिलेलं आहे), मुख्य मंदिर, आणि त्याच्या मागे लगेच तो दाट कमानींचा दुहेरी रस्ता लागतो, तोच फोटोतला. तिथपर्यंत थोड्याच पायऱ्या आहेत. तो संपतो तिथे एक छोटं देऊळ आहे, आईंना तिथून परत फिरवा. भिशीचा फोटो झाला. बाबांना जाऊ द्या पुढे योत्सुत्सुजीपर्यंत, तो अर्ध्या वाटेवरचा चौक, तिथून क्योतो शहर दिसतं. अजिंक्यतारावाल्यांना ते काहीच नाही.

फक्त सकाळी लवकर जा. मंदिर चोवीस तास उघडं असतं, प्रवेश फुकट. आठच्या आत पोचलात तर कमानीत माणूस दिसणार नाही, दहाला पोचलात तर कमान दिसणार नाही.

माथेरानचं_माकड
माकडं बघायला एवढे पैसे खर्चून जपान? माथेरानला या, चिप्सचं पाकीट घेऊन स्टेशनबाहेर नुसते उभे राहा, हात लावणारे प्राणी मिळतील 😂

लेकुरवाळी
माथेरानकर, हसले, पण तुलना बरोबर नाही हो. आम्ही गेलो होतो इवातायामाला मुलांना घेऊन आणि मला तरी नाराहून तेच जास्त आवडलं. तिथे शंभराहून जास्त माकडं आहेत आणि मोकळी आहेत, पिंजऱ्यात आपण जायचं. म्हणजे वर एक खोली आहे, तिला जाळी लावलेली, आपण आत बसून सफरचंदाच्या फोडी नाहीतर शेंगदाणे विकत घ्यायचे आणि जाळीतून द्यायचे, बाहेरून ती गुलाबी तोंडाची माकडं हात आत घालून तळहातावरून अलगद उचलतात. नखं लागत नाहीत की ओढाओढ नाही. माझा मुलगा जो बोलघेवडा आहे तो दहा मिनिटं गप्प होता, हे घरात कधी झालेलं नाही. बाहेर मात्र खाणं दाखवायचं नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, हात लावायचा नाही, हे खालीच पाटीवर लिहिलेलं असतं आणि लोक पाळतात पण. बॅग हिसकावणं वगैरे प्रकार मी तरी पाहिला नाही.

पण सूनबाई, तुमच्या केसमध्ये माझं पण मत नाराच. आईंना खाली एकटं बसवून तुम्ही सगळे वर, हे बरं दिसत नाही आणि त्यांचं पण मन लागणार नाही. बाबा आणि लेकीला माकडं दाखवायचीच असतील तर वेगळ्या दिवशी आजोबा-नात दोघांनाच पाठवा नवऱ्याबरोबर.

सातारची_सूनबाई
योदोगावाकाठी, काय मस्त सांगितलंत, ती नारा लाइनची गोष्ट खरंच माहीत नव्हती. ठरलं मग, माकडं बाद. @लेकुरवाळी आजोबा-नात आयडिया भारी आहे, नवऱ्याच्या गळ्यात मारते.
आता हरणांचं सांगा. साडीचा पदर ओढतात का? यूट्यूबवर एका बाईच्या मागे सहा हरणं लागलेली बघितली आणि आईंनी पण ती बघितली, तेव्हापासून "आपण लांबूनच बघू हं" चालू आहे.

पदरखोच
ओढतात. 😄 पदर, ओढणी, जॅकेटची दोरी, खिशातून डोकावणारा नकाशा, सगळं. माझ्या आईचा पदर एका हरणाने चांगला वीतभर तोंडात घेतला होता आणि आई त्याला "सोड रे मेल्या" म्हणतेय, ते काही ऐकेना. शेवटी शेजारच्या जपानी आजींनी त्याच्या समोर दोन्ही रिकामे तळहात पसरून दाखवले आणि ते लगेच सोडून निघून गेलं. हीच तिथली युक्ती आहे, बिस्किटं संपली की हात उघडे करून दाखवायचे. आईंना पदर कमरेला खोचून वरून स्वेटर घालायला सांगा, नोव्हेंबरात थंडी असतेच.

बिस्किटं म्हणजे शिका सेनबेई, पार्कातच विकायला बसलेले असतात, २०० येनला एक गड्डी. तांदळाचा कोंडा आणि पिठाची असतात, साखर नसते. दुसरं काही म्हणजे काही खायला घालायचं नाही, आणि प्लास्टिकची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, २०१९ मध्ये मेलेल्या हरणांच्या पोटातून किलोकिलोने प्लास्टिक निघालं होतं. हरणं वाकून नमस्कार करतात ते खरं आहे, आपण मान झुकवली की ती पण झुकवतात, लेक वेडी होईल. पण लेकीला बिस्किट हातात धरून "देऊ का नको" असं चिडवायला देऊ नका. दाखवलं की लगेच द्यायचं. चावा बसतो तो तिथेच.

आणि एक महत्त्वाचं, तुम्ही नोव्हेंबरात चाललाय म्हणजे नरांचा माजाचा हंगाम अजून संपलेला नसतो. पार्कातल्या बऱ्याच नरांची शिंगं शरद ऋतूत कापतात (ऑक्टोबरात त्याचा सोहळाच असतो, जुनी प्रथा आहे) तरी धडक ती धडक. लेकीला माद्यांजवळच ठेवा. आणि ही पाळलेली हरणं नाहीत बरं का, जंगली आहेत, मालक कोणी नाही, हजाराच्या वर आहेत आणि रस्ता ओलांडायला गाड्या थांबवतात.

चहाबाज
खाण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. इनारीच्या बाहेर सगळीकडे इनारी सुशी (भाताची) आणि कित्सुने उदोन (जाड शेवयांचं सूप) दिसेल, दोन्हीत तळलेलं टोफू असतं म्हणून आपले शाकाहारी लोक खूश होतात. पण उदोनचं पाणी माशाच्या स्टॉकचं असतं आणि ते टोफू पण बहुतेक वेळा त्याच स्टॉकमध्ये शिजवलेलं असतं. वरून दिसत नाही, विचारलं तर "मांस नाही" सांगतात कारण त्यांच्या हिशोबात मासा म्हणजे मांस नव्हेच. तेव्हा आईंसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं घरून न्या आणि नारा पार्कात बसून खा, म्हणजे हरणांकडे एक डोळा ठेवून खा. कचरा परत घरी आणायची पिशवी घ्या, डबे कुठे सापडत नाहीत. इनारीच्या त्या रस्त्यावर काही जुन्या दुकानांत भाजलेल्या चिमण्या पण काडीला लावून विकतात, आईंना त्या बाजूने नेऊ नका 🙏

उजीला गाडी बदलताना वेळ असेल तर स्टेशनबाहेर माच्चाचं (हिरव्या चहाच्या पुडीचं) आइस्क्रीम. उजी म्हणजे चहाचं गाव. घाई असेल तर सोडा.

योदोगावाकाठी
चहाबाज, चिमण्यांचं बरं आठवलं. त्या का विकतात तर इनारी हा मुळात भाताचा देव, आणि चिमण्या भात खातात, म्हणून. तांदळाचा देव, मग साकेचा (तांदळाच्या दारूचा), मग धंद्याचा झाला. त्या कमानी पण म्हणून, व्यापारी आणि कंपन्या देणगी देऊन उभ्या करतात. जाताना नुसत्या लाल दिसतात, परत येताना मागच्या बाजूने बघा, प्रत्येकीवर काळ्या अक्षरात देणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. छोटी कमान पण काही लाख येनला पडते. लाकडी असल्यामुळे कुजतात, मग काढून नवीन लावतात, त्यामुळे काही अगदी कोऱ्या तर काही खालून सडलेल्या दिसतात. बाबांना सांगा, आपल्याकडे देवळाच्या फरशीवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असतं तसंच समजा.

डाकिणी_शाकिणी
कोल्ह्यांबद्दल पण सांगायला पाहिजे, नाहीतर आई कोल्ह्यालाच नमस्कार करून येतील. कोल्हा हा देव नाही, इनारीचा दूत. त्यांच्या तोंडात किल्ली असते (धान्याच्या कोठाराची म्हणतात), कुठे भाताची लोंबी, कुठे गुंडाळी, कुठे मणी. लेकीला मोजायला लावा कुठल्या कोल्ह्याच्या तोंडात काय आहे, चढताना कुरकुर करणार नाही. कोल्ह्याच्या तोंडाच्या लाकडी पाट्या पण मिळतात, त्यावर नाक-डोळे आपण काढायचे आणि मागे नवस लिहायचा, अर्धी पोरं तिथेच रमतात.

आणि रच्याकने, इनारीची एक बौद्ध बाजू पण आहे, त्यात देवी कोल्ह्यावर बसलेली असते आणि ती म्हणजे आपली डाकिनी. भारतातून चीनमार्गे जपानात गेली आणि तिथे भरभराट देणारी झाली. आयची प्रांतातलं तोयोकावा इनारी हे तिचं प्रसिद्ध ठिकाण, ते शिंतो (जपानच्या मूळ धर्माचं) नाही, झेन बौद्ध मंदिर आहे. फुशिमीत मात्र आता हा भाग नाही. नाराला गेलात तर तोदाइजी या बौद्ध मंदिरातला मोठा बुद्ध बघाच. ७५२ साली त्याचे डोळे उघडायचा विधी केला तो बोधिसेन नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूने. बाबा तिथून हलणार नाहीत बघा.

सातारची_सूनबाई
बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं, ते बोधिसेन लिहून घेतायत 😄
शेवटचे दोन प्रश्न. नाराला कासुगा ताइशा देऊळ पण करावं का, हरणं त्याच देवळाची ना? आणि चपला कुठे काढायच्या, आई विचारतायत.

पदरखोच
हो, त्याच देवळाची मानतात. देव काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे, म्हणून इथे हरणाला मान. मंदिर ७६८ सालचं मानतात. स्टेशनपासून चालत अर्धा तास, वाट छान आहे, दोन्हीकडे शेवाळलेले दगडी दिवे आणि दिव्यांच्या मधून हरणं डोकी काढून बघत असतात, पण आईंना बसने वर सोडा आणि तुम्ही उतारावर चालत या. पाचच्या सुमारास बंद होतं आणि तेव्हाच अंधार पडायला लागतो, त्यामुळे आधी कासुगा, मग तोदाइजी, हरणं काय सगळीकडेच आहेत.

चपला काढायच्या नाहीत, देवळाच्या आवारात बुटानेच फिरतात. आधी हात धुवायची जागा लागते, पळीने आधी डावा, मग उजवा, मग डाव्या तळहातात घेऊन चूळ, पळीला तोंड लावायचं नाही. देवासमोर नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. प्रसाद नसतो हे आईंना आधीच सांगून ठेवा, माझी आई हात पुढे करून उभी राहिली होती. आणि शनिवार-रविवारी गेलात तर किमोनो घातलेली छोटी मुलं दिसतील, १५ नोव्हेंबरच्या आसपास तीन, पाच, सात वर्षांच्या मुलांना देवळात नेतात. फोटो काढायच्या आधी त्यांच्या आईवडिलांना विचारा, बहुतेक हो म्हणतात.