श्रेय देवाला देतानाही मनात अहंकार उरला तर?

प्रश्न (इंदूर): मी सियागंजातील एका किराणा पेढीवर हिशेब लिहितो. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने चुकून जादा दिलेली ५०० रुपयांची नोट मी धावत जाऊन परत केली. दोन वर्षांपूर्वी ती निमूट गल्ल्यात टाकली असती. शेठजींनी कौतुक केले तेव्हा "ही प्रभूची कृपा" असे म्हणालो खरा, पण म्हणताना स्वतःच्याच नम्रतेवर खूश झालो. मग नीतिमत्त्वात माझी वाढ झाली, असे मानावे का?

उत्तर १: बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानातील १८व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला परूशीही (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) प्रार्थनेची सुरुवात देवाचे आभार मानूनच करतो, हे आपण सहसा विसरतो. आठवड्यातून दोनदा उपास आणि उत्पन्नाचा दशांश, यांत वावगे काहीच नव्हते. बिघडले ते एवढेच, की आभार मानताना त्याची नजर, ज्याला तो आपल्यापेक्षा हलका समजत होता त्या जकातदारावर (कर वसूल करणाऱ्यावर) होती. तुमची नजर तेव्हा कोणाकडे होती?

उत्तर २: प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १५:१०) आपण इतरांपेक्षा अधिक श्रम केले हे लपवत नाही, आणि त्याच दमात ते आपण नव्हे, तर आपल्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले, असे सांगतो. त्यामुळे आपले धावणे नाकारण्याचे कारण नाही. दरवेळी ते मोठ्याने बोलून दाखवण्याचा हट्ट मात्र मला तरी अनावश्यक वाटतो.

प्रश्नकर्ता: खरे सांगायचे तर, माझी नजर तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या सहकाऱ्याकडेच होती.