मदत हवी आहे: जोर दिला की चेन सटकते, रविवारी पुणे-महाबळेश्वर

सुरूर_फाटा
रविवारी पहाटे आम्ही चौघे सायकलने महाबळेश्वरला निघतोय. परवापासून जोर दिला की चेन सटकते. दोनदा गिअर सेट करून आणले, काही फरक नाही. हातात फक्त शुक्रवार-शनिवार. काय करू? लवकर सांगा.

तेलपाणी
मागे किती चक्र्या? सगळ्यांवर सटकते की ठराविक? चेन कधी बदलली?

घाटवेडा
केबल सैल झालीय. मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) केबल जिथे शिरते तिथला बॅरल (हाताने फिरवायचा छोटा नट) घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा. नाहीच जमलं तर अजून पाव.

तेलपाणी
घाटवेडा, दोनदा सेट करून झालंय असं ते म्हणतायत. केबल सैल असेल तर चेन शेजारच्या चक्रीवर उडी मारते. दात सुटत असेल तर चेन त्याच चक्रीवर राहते, पण पॅडल धसकन पुढे जातं. यातलं काय होतंय?

पहाटवारा
कात्रजच्या जुन्या घाटानेच जा, नव्या बोगद्यातून नको, ट्रक फार अंगावर येतात. वाई दहाच्या आत गाठा. पसरणीचा घाट साधारण १२ किमी आहे, उन्हात तो जीव काढतो.

मीठसाखर
चौघांनी ओआरएस घ्या. एक पाकीट एक लिटरलाच, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नका. नुसतं पाणी पीत राहिलात तर पाचगणीच्या आधी पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात.

सुरूर_फाटा
पॅडल धसकतं. ८ गिअर. मधल्या दोन-तीन चक्र्यांवरच होतं, सगळ्यात मोठीवर नाही. चेन गेल्या आठवड्यात नवीन टाकली, ती खराब कशी असेल?

तेलपाणी
हे आधी सांगायचं! चेन चांगलीच आहे, कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) झिजलीय. जुनी चेन ताणत गेली आणि तिने दात स्वतःच्या मापाने खाल्ले. आता नव्या चेनचे रोलर तिथे बसत नाहीत, दातावर चढतात. मधल्या चक्र्या रोज वापरात, म्हणून त्याच सटकतात. पुसून बघा, ते दात मोठ्या चक्रीच्या दातांपेक्षा बारीक आणि लाटेसारखे एका बाजूला झुकलेले दिसतील.
८ स्पीडचीच कॅसेट घ्या, दात आहेत तितकेच, म्हणजे चेनची लांबी बदलावी लागणार नाही. मागे फ्रीव्हील असेल, म्हणजे चक्र्यांचा संच चाकावर आट्यांनी फिरवून बसवलेला असेल, तर कॅसेट चालणार नाही, दुकानात चाक घेऊनच जा.

सुरूर_फाटा
दुकानदार सोमवारी म्हणतोय. जुनी चेन डब्यात आहे.

तेलपाणी
मग तीच परत लावा, या कॅसेटशी तिची जोडी जमलेली आहे. दोन्ही चेनच्या कड्या मोजून सारख्या करा. लांबी मोजून करू नका, जुनी ताणलेली असते. जोडायला ८ स्पीडची नवीन क्विक लिंक (चेनची टोकं जोडणारी कडी) घ्या.

घाटवेडा
अजिबात नको. ताणलेली चेन पुढच्या, पॅडलजवळच्या चक्रीचे दातही खाईल.

तेलपाणी
महिनोन् महिने चालवली तर खाईल, १२० किमीत नाही. सोमवारी कॅसेट बदला आणि नवी चेन चढवा.

पहाटवारा
येताना कसे येणार? सायकलनेच पसरणी उतरणार असाल तर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. वळणाआधी दाबा, सोडा.

सुरूर_फाटा
परत टेम्पोने. चेन लावली, सपाटीला सटकत नाही.

तेलपाणी
सपाटीवर कळणार नाही. शनिवारी कात्रजच्या चढाला मधल्या चक्रीवर बसूनच जोर द्या. उभं राहून मारताना सटकली तर थेट हँडलवर आपटाल.