रेषेखाली कोण, रांगेत कोण

बरेच जण विचारतात की देशातली गरिबी एवढी घटली, तर रेशनवर ८० कोटी लोकांना फुकट धान्य कशाला. पण या दोन आकड्यांचा एकमेकांशी थेट संबंधच नाही! २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण ७५ आणि शहरी ५० टक्के लोकसंख्येपर्यंत लाभाची मर्यादा ठरवली. गणित २०११च्या जनगणनेचं. तेंडुलकर पद्धतीची, म्हणजे अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने सुचवलेली, शहरी दारिद्र्यरेषा मात्र २०११-१२ला माणशी महिना १,००० रुपये खर्चाची, म्हणजे दिवसाला साधारण ३३.

आता आपल्या नागपुरात बघा. राज्याने २०१३ला शहरी 'प्राधान्य कुटुंबा'साठी, म्हणजे या कायद्याखाली धान्य मिळणाऱ्या कुटुंबासाठी, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठेवली. बांधकामावर रोज ५०० मिळणाऱ्याला महिन्यात वीसच दिवस काम लागलं, तरी वर्षाचे १,२०,००० होतात. कागदावर तो बाहेर! मग उत्पन्नाचा दाखला कसा 'बसवतात' ते सगळ्यांना ठाऊक आहे; मी त्यात मजुराला दोष देणार नाही.

आणि मिळतं काय, तर माणशी पाच किलो गहू-तांदूळ. डाळ-तेल कळमन्याच्या बाजारभावानेच घ्यायचं. उपासमार टळते, हे मान्य. कुपोषण त्याने हटत नाही, आणि दारिद्र्यरेषेच्या आकड्यात ते दिसतही नाही.