होम थिएटरच्या ५.१ सेटसाठी स्पीकर कुठले घ्यावेत? बाबांना डायलॉग नीट ऐकू यायला हवेत

धायरीकर_८२
नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतोय कारण पीओपीचं काम सुरू आहे आणि इलेक्ट्रिशियन शनिवारी येणार, त्याच्या आत वायरी कुठून न्यायच्या ते ठरवायचंय.
हॉल ११ बाय १७ फूट. टीव्ही ५५ इंची, लांब भिंतीवर, समोरच्या भिंतीला चिकटून सोफा, मध्ये साधारण ९ फूट अंतर. डाव्या हाताला गॅलरीचा काचेचा स्लायडिंग दरवाजा आणि त्याच्या शेजारी बाबांचा दिवाण. बाबा ७४ वर्षांचे, ते दिवाणावरच बसतात, सोफ्यावर या म्हटलं तरी येत नाहीत, त्यामुळे टीव्ही त्यांना तिरका दिसतो. त्यांना जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग बघायची असतात आणि सारखं "काय म्हणाला रे तो?" असं विचारतात, आवाज वाढवला की गाणं लागल्यावर घर हादरतं. मला पिक्चर बघायला सराउंड (चहूबाजूंनी येणारा आवाज) हवाय पण खरं सांगायचं तर जास्त काळजी बाबांचीच आहे.
बजेट ९० हजार, टीव्ही सोडून. पुण्यात तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चौकशी केली तर दुकानदार एक तयार बॉक्स सेट गळ्यात मारायला बघत होता, खोक्यावर १००० वॅट लिहिलंय म्हणे. घेऊ का?

खर्जातला_सा
थांबा, अजिबात घेऊ नका. तुमची सगळी गोष्ट सेंटर स्पीकरवर येऊन थांबते. ५.१ मध्ये पुढे तीन, बाजूला दोन (सराउंड) आणि एक सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा, त्यालाच सब म्हणतात), यातलं बोलणं जवळपास सगळं त्या मधल्या एका स्पीकरमधून येतं, आणि लोक नेमकं त्याच्यावरच पैसे वाचवतात आणि टॉवर स्पीकर मोठे घेतात कारण ते दिसायला भारी दिसतात.
तुमच्या केसमध्ये अजून एक गोम आहे. बाजारात मिळणारे बहुतेक सेंटर आडवे असतात, मध्ये ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा) आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर (खालच्या सुरांचा मोठा). समोर बसलेल्याला छान वाटतं, पण तुम्ही २५-३० अंश बाजूला सरकलात की दोन वूफरचा आवाज कानापर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि नेमक्या बोलण्याच्या पट्ट्यात एकमेकांना कापतो. दिवाणावर बसलेल्या बाबांना हेच होणार. म्हणून एकतर असा सेंटर बघा ज्यात छोटा मिडरेंज (मधल्या सुरांचा) आणि ट्वीटर एकावर एक आहेत आणि वूफर त्यांच्या दोन बाजूंना आहेत (महाग असतो), नाहीतर माझं मत विचाराल तर पुढे तिन्ही एकसारखे बुकशेल्फ (कपाटात मावणारे छोटे उभे स्पीकर) लावा आणि मधला उभाच ठेवा. टीव्ही चार-सहा इंच वर घ्यावा लागला तर घ्या, भिंतीला भोक अजून पाडलं नसेल तर आत्ताच वेळ आहे. काही कंपन्या बुकशेल्फ सुटा एक देत नाहीत, मग दोन जोड्या घ्या, चौथा सराउंडला वापरता येतो.
आणि तो मधला स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलून ठेवू नका, आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो. कडेपर्यंत पुढे ओढायचा आणि थोडा वर, कानाकडे रोखायचा.

साताऱ्याचा_वायरमन
वायरिंगचं मी सांगतो, बाकीचं वरच्यांनी सांगितलंय. पाईप रिकामे ठेवा पण टाकून घ्या, नंतर पीओपी फोडायला लागलं की रडू येतं. पुढचे दोन टीव्हीच्या मध्यापासून दोन्हीकडे चार ते पाच फुटांवर. सोफा भिंतीला चिकटलाय म्हणजे सराउंड पाठीमागे जाणारच नाहीत, ते सोफ्याच्या दोन्ही अंगांना भिंतीवर, बसल्यावर कान जिथे येतो त्याच्यापेक्षा दोनेक फूट वर. बाबांच्या बाजूचा आणखी थोडा वर घ्या, नाहीतर त्यांच्या कानाशीच ढणढण होईल. सबसाठी एक पॉइंट टीव्हीच्या कोपऱ्यात आणि एक सोफ्याजवळ, दोन्हीकडे प्लग आणि सिग्नलची वायर, का ते नंतर कळेल. छतात दोन पाईप जास्तीचे, पुढे अॅटमॉस (छतातूनही येणारा आवाज) करावंसं वाटलं तर.
वायर १६ गेजची शुद्ध तांब्याची घ्या, लांब पल्ल्याला १४ (ती जास्त जाड). अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत द्या. आणि लाइटच्या वायरीच्या पाईपातून स्पीकरची वायर नेऊ देऊ नका, इलेक्ट्रिशियन "काही होत नाही साहेब" म्हणतो, त्याचं ऐकायचं नाही.
त्या १००० वॅटचं सोडून द्या. ९ फुटांवर घरी ऐकायला प्रत्येक स्पीकरला २० खरे वॅटसुद्धा भरपूर होतात. त्याऐवजी सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीत किती मोठा वाजतो) बघा, ८५ डेसिबलचा स्पीकर ८८ वाल्याइतकाच मोठा वाजवायला दुप्पट ताकद लागते.

मृण्मयी_ठाणे
मला थोडं वेगळं म्हणायचंय. आमच्याकडे छोट्या सॅटेलाइट स्पीकरचा बॉक्स सेटच आहे, सहा वर्षं झाली, जागा कमी, भिंती भाड्याच्या, आम्ही खूश आहोत. सगळ्यांना रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर) आणि सेटिंग झेपत नाही हो.
पण बाबांबद्दल मनापासून सांगते, आधी त्यांचे कान तपासून घ्या. माझ्या आईचंही असंच होतं, वयाबरोबर आधी वरचे सूर जातात, म्हणजे स, श, फ, त अशी अक्षरं गळतात, आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही. ऑडिओमेट्री केल्यावर आम्हाला कळलं, यंत्र लावलं, निम्मी भांडणं संपली. आणि नवीन फ्लॅटमध्ये टाइल्स, काच, मोकळ्या भिंती, त्यामुळे घुमतं फार. काचेला जाड पडदा, मध्ये मोठी सतरंजी, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. हे स्पीकरच्या आधी करा.

खर्जातला_सा
मृण्मयीताई, कानाचं आणि पडद्याचं शंभर टक्के पटलं, मी ते लिहायलाच हवं होतं.
बॉक्स सेटला नावं ठेवत नाही, भाड्याच्या घरात तोच बरा. पण यांच्या गरजेला तो का बसत नाही ते सांगतो. तीन इंची स्पीकर ८० हर्ट्झपर्यंत उतरूच शकत नाही, मग खालचं सगळं १२०-१५० पासून सबकडे ढकलावं लागतं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर त्याच भागात असतो, त्यामुळे माणूस टीव्हीत आणि त्याचा अर्धा आवाज कोपऱ्यातून. ८० च्या खाली कानाला दिशा फारशी कळत नाही म्हणून क्रॉसओव्हर (जिथून खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० ला ठेवायची पद्धत आहे, आणि त्यासाठी पाच-साडेपाच इंची वूफरचा बुकशेल्फ लागतो.
धायरीकर, ९० हजारांत सगळं एकदम घ्यायच्या मागे लागू नका. रिसीव्हर, पुढचे तीन आणि एक बरा सब एवढंच आत्ता. सराउंड दिवाळीला. रिसीव्हर घेताना ऑटो कॅलिब्रेशन (माइक लावून खोलीप्रमाणे आवाज आपोआप जुळवणं) आहे का विचारा, डेनॉन-मरांट्झच्या बऱ्याच मॉडेलात ऑडिसी असतं, यामाहात वायपीएओ, पण अगदी खालच्या मॉडेलात काय दिलंय ते तपासून घ्या. त्यानंतर हाताने सेंटर दोन-तीन डेसिबल वाढवायचा. रात्री डायनॅमिक रेंज कमी करायचं सेटिंग चालू ठेवलं की कुजबुज आणि स्फोट यातलं अंतर कमी होतं.
आणि नाटकांची रेकॉर्डिंग स्टिरिओ किंवा मोनो असणार, ती स्टिरिओ मोडवर लावलीत तर सेंटर गप्प बसेल! डॉल्बी सराउंड मोड लावा, मग संवाद मध्ये येतात. हे न कळल्यामुळे कितीतरी जण चांगल्या सेंटरला शिव्या देतात.

धायरीकर_८२
सगळ्यांचे मनापासून आभार. पाईप सगळे टाकले, छतातले दोनसुद्धा. टीव्ही पाच इंच वर घेतला. बाबांची तपासणी झाली, डाव्या कानाला यंत्र सांगितलंय, ट्रायल चालू आहे.

धायरीकर_८२
दोन महिन्यांनी लिहितोय. एकाच मॉडेलचे तीन बुकशेल्फ, रिसीव्हर आणि १० इंची सब आला. सब आधी टीव्हीच्या कोपऱ्यात ठेवला तर सोफ्यावर एकच सूर घुमायचा. मग कुठेतरी वाचलं होतं तसं केलं, सब उचलून चक्क सोफ्यावर ठेवला, तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि हॉलभर गुडघ्यांवर रांगत कुठे डग्गा स्वच्छ ऐकू येतो ते शोधलं. सोफ्याच्या उजव्या अंगाला, भिंतीपासून दोन फूट पुढे. साताऱ्याच्या दादांनी तिथे पॉइंट काढायला लावला होता तो का ते तेव्हा कळलं. खाली जाड रबराचा मॅट घातलाय, खालच्या काकूंना विचारून आलो, त्रास नाही म्हणाल्या.

साताऱ्याचा_वायरमन
११ फुटांच्या रुंदीत ५१ हर्ट्झच्या आसपास घुमणारच, आणि सोफा भिंतीला टेकलाय तिथे सगळ्यात जास्त. पुढे जमलं तर सोफा एक फूट पुढे घ्या. बाबा काय म्हणतायत?

धायरीकर_८२
काल पूर्ण तीन अंकी नाटक बघितलं त्यांनी, दिवाणावरूनच. आवाज पूर्वीपेक्षा कमी होता. मध्ये एकदाही विचारलं नाही, उलट मी स्वयंपाकघरातून "काय झालं?" विचारलं तर मलाच गप्प केलं.