आवारात गुलमोहराऐवजी बोर का नको?

रानवाट:
नव्या इमारतीच्या आवारात झाडं लावायची म्हटली की गुलमोहर आणि बॉटलपाम ठरलेले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलतो देखणा, पण वादळात फांद्या पटकन मोडतात. मी म्हणते, बोर लावा. सोटमूळ खोल जातं, पानाच्या खालच्या बाजूला पांढुरकी लव असते म्हणून पाणी कमी उडतं, आणि कडक उन्हाळ्यात पानं गाळून ती तग धरते. पहिली दोन वर्षं पाणी घातलं की पुढे टँकरची वाट बघायला नको. शिवाय हिवाळ्यात पाखरांना आणि पोरांना फळं!

तळमजला:
अहो, पानं गाळते हीच तर अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये सावलीसाठी जीव कासावीस होतो, तेव्हाच ही उघडीबोडकी. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईला जानेवारीतल्या बोरांचा काय उपयोग? तिला मे महिन्यात सावली हवी. त्यात काट्यांची जोडी, एक सरळ आणि एक आकडेदार. मुलं खेळतात तिथे नकोच.

कात्री:
दोघांनीही छाटणीचा विषय काढला नाही. बोरीला फळ नव्या फुटीवर येतं. उन्हाळ्यात छाटली नाही तर झाड दहा-बारा मीटरपर्यंत जातं आणि फळं हाती लागत नाहीत. फळमाशीचंही बघा. किडकी बोरं खाली पडतात, अळी मातीत उतरून कोष करते. पडकी फळं वेचायची आणि बुंध्याभोवतीची माती हलवायची, हे दरवर्षी करणार कोण?

रानवाट:
सावलीचं म्हणणं मला पटलं. फुटपाथवर बोर नको, तिथे कडुनिंबच बरा. पण मागच्या कुंपणालगत, जिथे पाण्याचा नळही पोचत नाही, तिथे काटे उलट कामाचे. छाटणी मी करेन. रोप मात्र पिशवीत फार दिवस ठेवू नका, सोटमूळ गुंडाळलं जातं. बी जागेवरच पेरून नंतर डोळा भरलेला, म्हणजे चांगल्या बोरीच्या फांदीवरचा डोळा त्या रोपाच्या सालीत बसवलेला, उत्तम. डोळ्याखालून फुटलेले रानटी फुटवे तेवढे काढत राहायचे.

तळमजला:
कुंपणाला माझी हरकत नाही. पण वाहनांच्या जागेपासून लांब लावा, आणि फाटकाजवळचा कडुनिंब तोडायचा विषय निघाला तर मी आडवा येईन.