झिंक प्लेटिंग केलेले 12.9 ग्रेडचे बोल्ट दुसऱ्या दिवशी का तुटतात?

प्रश्न (भोसरी): आमच्या वर्कशॉपमध्ये 12.9 ग्रेडचे (फार जास्त ताकदीचे) एम10 बोल्ट फिक्स्चरवर टॉर्क रेंचने ठरलेल्या टॉर्कलाच आवळले होते. संध्याकाळी सर्व ठीक होते. सकाळी शटर उघडले तेव्हा तीन बोल्टांची डोकी खाली पडलेली दिसली. पूर्वी हेच बोल्ट काळ्या फिनिशमध्ये वापरत होतो, या वेळी गंज नको म्हणून बाहेरून झिंक करून घेतले. प्लेटिंगवाले म्हणतात, तुम्ही जास्त आवळले. तसे असते तर बोल्ट आवळतानाच तुटायला हवे होते ना?

उत्तर 1: आपली शंका रास्त आहे. जास्त आवळलेला बोल्ट आधी लांबतो, बारीक होतो आणि बहुधा पाना हातात असतानाच तुटतो. इथे दोषी हायड्रोजन दिसतो. पिकलिंगच्या (प्लेटिंगआधी गंज काढण्याच्या) आम्लात आणि पुढे प्लेटिंगच्या टाकीत तो पृष्ठभागावर अणुरूपात तयार होतो. बराचसा बुडबुड्यांवाटे निघून जातो, थोडा पोलादात शिरतो आणि बोल्ट ताणाखाली आला की डोक्याखालच्या कोपऱ्याकडे, म्हणजे ताण सर्वाधिक असतो तिथे, सरकत जमा होतो आणि तिथले पोलाद ठिसूळ करतो. या सरकण्याला वेळ लागतो, म्हणून रात्र जाते. पोलाद जितके कठीण तितका हा धोका जास्त, आणि 12.9 ची कठिणता 39 ते 44 एचआरसी (रॉकवेल सी माप) असते. त्याच टाकीतून निघालेला 8.8 चा बोल्ट मऊ असल्याने सहसा तरून जातो. (आम्लात बुडवलेले लोखंड ठिसूळ होते, हे डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी 1875 मध्येच नोंदवले होते. तरीही दोष आधी पान्यालाच दिला जातो.)

उत्तर 2 (प्लेटिंग लाइनवर काम करतो): बेकिंग (हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी ओव्हनमध्ये भाजणे) झाले होते का, ते पाहा. प्लेटिंगनंतर शक्यतो चार तासांच्या आत, 190 ते 220 अंश सेल्सिअसला, कित्येक तास; आणि तेही पॅसिव्हेशनच्या (झिंकवर गंजरोधक रासायनिक थर देण्याच्या) आधी, कारण त्या तापमानाला पॅसिव्हेशनचा थर खराब होतो. ओव्हनचा चार्ट मागा, तोंडी ‘केले’ यावर जाऊ नका.

प्रश्नकर्ता: चलान पाहिले. त्यावर फक्त ‘झिंक, पिवळे’ एवढेच आहे, आणि खरे सांगायचे तर आमच्या ऑर्डरमध्येही बेकिंग लिहिलेले नव्हते. उरलेले बोल्ट आता भाजून घेतले तर चालतील का?

उत्तर 2: नाही. आवळलेल्यांत सूक्ष्म तडे सुरू झाले असतील तर ते भाजून सांधत नाहीत, आणि न वापरलेल्यांतही इतक्या उशिराच्या बेकिंगचा भरवसा धरता येत नाही. सगळा लॉट भंगारात टाका आणि पुढच्या वेळी झिंक फ्लेक कोटिंग मागा. त्यात विद्युत प्रवाह लागत नाही, त्यामुळे लेप देताना हायड्रोजन शिरत नाही. मात्र आधीची सफाई आम्लाऐवजी शॉट ब्लास्टिंगने करायला सांगा.